प्रतिकारशक्ती ‘वाढवायची’ म्हणजे नेमकी कुठली?

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत ‘प्रतिकारशक्ती वाढवा, कॅन्सरला लांब ठेवा’ असा लेख आला आणि त्याच पानावर खाली गुळवेलीच्या सिरपची पाव पान जाहिरात. आम्ही इंदूरकर आपला अंक मोबाइलवरच वाचतो. सोमवारी सकाळी त्या पानाचा फोटो आमच्या कॉलनीतल्या भिशीच्या ग्रुपवर फिरत होता, वर हात जोडलेल्या इमोजींसकट. निवृत्त होईपर्यंत मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. या लेखाचा पायाच चुकला आहे आणि ती चूक पेशंटला भोवू शकते, म्हणून हे जरा लांबलेलं पत्र.

प्रतिकारशक्ती कमी पडते म्हणून कॅन्सर होतो, तेव्हा ती वाढवली की झालं, असं लेखकाने धरून चाललं आहे. पण अनेक पेशंटांच्या गाठीत टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढणाऱ्या पेशी, भरपूर सापडतात. कॅन्सरच्या पेशी त्यांनी ओळखलेल्याही असतात. तरी त्या हल्ला करत नाहीत. का करत नाहीत, हे त्यांच्या जनुकांकडे पाहिल्यावर कळतं. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवणारी तीच साधारण २० हजार जनुकं असतात. त्यांतली कुठली चालू आणि कुठली बंद, यावर पेशी काय करणार ते ठरतं. ताज्या दमाच्या टी-पेशीत परफोरिन आणि ग्रँझाइमची जनुकं जोरात चालतात. परफोरिन शत्रूच्या पेशीला भोक पाडतं, ग्रँझाइम आत शिरून तिचा निकाल लावतं. तीच टी-पेशी गाठीत बराच काळ अडकून पडली आणि तोच शत्रू सारखा समोर दिसत राहिला, की टॉक्स नावाचं जनुक चालू होऊन बसतं. त्याचं प्रथिन बाकीच्या कितीतरी जनुकांचा कारभार बदलतं. पीडी-१ सारखे, टी-पेशीचा हल्ला रोखणारे ब्रेक दाबलेलेच राहतात आणि हत्यारं बनवणं मंदावतं. २०१९ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे हे दाखवून दिलं. शास्त्रज्ञ याला टी-पेशींचा थकवा म्हणतात. हा थकवा च्यवनप्राशाने उतरत नाही, कारण पेशीत डीएनए गुंडाळून ठेवण्याची पद्धतच बदललेली असते.

बरं, प्रतिकारशक्ती म्हणजे एकट्या लढणाऱ्या पेशी असंही नाही. आपल्याच अवयवांवर हल्ला होऊ नये म्हणून या लढवय्यांना आवरून धरणाऱ्या टी-पेशीही असतात. त्यांची ओळख फॉक्सपी-३ या जनुकावर ठरते. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं ते याच कामासाठी. अनेक प्रकारच्या गाठींमध्ये या आवरणाऱ्या पेशी मोठ्या संख्येने जमतात आणि कॅन्सरच्याच पथ्यावर पडतात. मग सिरपने वाढणार ती यांतली कुठली, हे जाहिरातदाराने एकदा सांगावं.

खरी औषधं ‘शक्ती’ वाढवत नाहीत, ब्रेक सोडवतात. तासुकु होंजो यांनी पीडी-१ चं जनुक १९९२ मध्ये शोधलं; जेम्स ॲलिसन यांनी सीटीएलए-४ या दुसऱ्या ब्रेकवर काम केलं. दोघांना २०१८ चं नोबेल मिळालं. मात्र ही औषधं सगळ्यांना लागू पडत नाहीत, आणि त्याचंही एक कारण जनुकांच्या या चालू-बंदमध्येच आहे. पार थकलेल्या पेशी ब्रेक काढूनही फारशा सावरत नाहीत. ज्यांच्यात टीसीएफ-१ नावाच्या प्रथिनाचं जनुक अजून चालू आहे अशा राखीव पेशी असतील, तर त्या वाढतात आणि लढाई पुढे नेतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, डोक्या-मानेच्या पुन्हा उलटलेल्या कॅन्सरवर निव्होलुमॅब हे पीडी-१ चा ब्रेक सोडवणारं इंजेक्शन दिलेल्या पेशंटांपैकी फक्त १३ टक्क्यांच्या आसपास लोकांच्या गाठी आक्रसल्या.

हे सांगायचं कारण, याच गटात मोडणारा तोंडाचा कॅन्सर आमच्या माळव्यात घराघरात माहीत आहे. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी टपरीवर पानमसाला आणि तंबाखूच्या पुड्या शेजारीशेजारी टांगलेल्या असतात, गिऱ्हाईक त्या हातावर एकत्र करतं. स्वच्छतेत देशात पहिल्या आलेल्या शहराचे दुभाजक पालिका धुते, गालफडं कोण धुणार! असो. छापण्यासारखी बातमी मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाची आहे. निव्होलुमॅबचा नेहमीचा डोस दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, आणि तो सामान्य घराला परवडत नाही. तिथल्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांना अवघे २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब तोंडाने घ्यायच्या स्वस्त गोळ्यांच्या जोडीला देऊन पाहिलं. डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटांच्या या चाचणीत नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले १६.३ टक्के होते, औषधाची जोड मिळालेल्यांत ४३.४ टक्के. या अभ्यासाबद्दल डॉक्टरांना विचारता येतं, हेच आमच्याकडच्या कितीतरी कुटुंबांना ठाऊक नसतं. सिरपचं नाव मात्र पाठ असतं.

आता त्या लेखाचा धोका. ब्रेक सोडलेली प्रतिकारशक्ती कधीकधी स्वतःच्या आतड्यावर, यकृतावर, थायरॉइडवर, क्वचित हृदयावरही उलटते. माझे थोरले दीर हे इंजेक्शन घेत होते आणि त्यांना जुलाब सुरू झाले. घरात आधी डाळिंबाच्या सालीचा काढा झाला, मग मेडिकलवरून गोळ्या आल्या. आतड्याला सूज होती. स्टेरॉइड सुरू झालं तेव्हा आराम पडला. आणखी उशीर झाला असता तर प्रकरण हाताबाहेर जाऊ शकलं असतं. गुळवेलीचं म्हणाल, तर तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केल्या. आयुष मंत्रालयाला त्या मान्य नव्हत्या. तो वाद बाजूला ठेवू, पण इम्युनोथेरपी, म्हणजे ही ब्रेक सोडवणारी इंजेक्शनं, चालू असलेल्या माणसाचं यकृत बिघडलं आणि तो लपवून काढाही पीत असेल, तर डॉक्टरने दोष कशाला द्यायचा?

माझी मागणी मोठी नाही. येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या मथळ्यात, एखाद्या कॅन्सरतज्ज्ञाकडून तीन गोष्टी लिहून घ्या: ही इंजेक्शनं कुणाला लागू पडू शकतात आणि त्यासाठी गाठीच्या तुकड्यावर पीडी-एल१ ची (पीडी-१ चा ब्रेक दाबणाऱ्या प्रथिनाची) तपासणी कधी करतात, कमी डोसचा पर्याय कुणी विचारावा, आणि इंजेक्शन चालू असताना जुलाब, धाप, अंगावर पुरळ किंवा डोळे पिवळे दिसले तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरांना का कळवायचं. सिरपची जाहिरात दुसऱ्या पानावर छापा, फार तर राशिभविष्याच्या शेजारी.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका
टिळकनगर, इंदूर