कार्डिनल ग्रेशियस कराचीचे

संपादक महाशय, स.न.

रविवारच्या पुरवणीतला कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियस यांच्यावरचा लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. तुमच्या लेखकाने त्यांना गोव्यात जन्माला घातलंय. अहो, घराणं गोव्याचं, पण जन्म कराचीचा, १९०० सालचा. आणि १९७८ मध्ये नवे पोप निवडायला ते रोमला गेले म्हणे! त्या ऑगस्टमध्ये ते आजारी होते, निवडणुकीला जाऊच शकले नाहीत, आणि ११ सप्टेंबरला गेले. लेखकाने 'गेले' एवढाच शब्द कुठूनतरी उचललेला दिसतो.

१९५० पासून शेवटपर्यंत ते मुंबईचे आर्चबिशप. १९५३ मध्ये कार्डिनल झाले, भारतातले पहिले. वसईचा वेगळा धर्मप्रांत १९९८ चा, तोवर आम्ही मुंबईतच. म्हणजे ते आमचेही बिशप. पण लेखात वसईचा 'व' नाही.

माझं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा आमचा संस्कार, त्यांच्याच हातचं. मी नऊ वर्षांचा होतो. त्या काळी बिशप कपाळाला तेल लावून गालावर चापट मारत, ख्रिस्तासाठी सोसायची तयारी म्हणून. आईने आठवडाभर बजावलं होतं, रडायचं नाही. माझ्या पुढच्या पोराने तर रांगेतच भोकाड पसरलं. माझी पाळी आली, मी डोळे गच्च मिटले. चापट कसली, दोन बोटं गालाला टेकली. डोळे उघडले तोवर कार्डिनल पुढच्या पोरापाशी. खरी चापट घरी आल्यावर आईने दिली, नव्या सदऱ्यावर मेण सांडलं म्हणून.

आता हे नाव आमच्याकडे बंगलीच्या, त्यांच्याच नावाच्या हॉस्पिटलमुळेच ऐकू येतं. नातू परवा विचारत होता, "आजोबा, ग्रेशियस डॉक्टर होते का?" त्याला तुमचा लेख वाचायला देणार होतो. बरं झालं, आधी मी वाचला.

लिहायलाच बसलोय तर आणखी एक. यंदा तुम्ही पहिल्या पानावर 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' छापल्यात. तो प्रभू येशूच्या मरणाचा दिवस, आमचा उपास असतो. दहाव्याच्या शुभेच्छा तुम्ही कुणाला देता का?

दुरुस्ती छापणार असाल तर पुरवणीतच छापा. मागच्या वेळेसारखी बाजारभावाच्या खाली नको.

- आपला जुना वर्गणीदार, नंदाखाल, वसई