नुएवो लेओनची खुर्ची

मॉन्तेरे, नुएवो लेओन, मेक्सिको
दि. ९ मार्च २०२५

तीर्थरूप अण्णा यांस,
मीनलचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र पावले. इथला गव्हर्नर आपल्या राज्यपालासारखा राजभवनात बसून सह्या करतो की त्याच्या हाती खरोखरच काही असते, असे तुम्ही विचारले आहे. सारी हयात नागरिकशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या माणसाला याचे उत्तर दोन ओळींत देणे बरे दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

इथला, म्हणजे नुएवो लेओन राज्याचा, गव्हर्नर दिल्लीहून, म्हणजे इथल्या भाषेत मेक्सिको सिटीहून, नेमलेला नसतो. लोक त्याला थेट मतदानाने निवडतात, आणि राज्याचे मंत्रिमंडळ, पोलीस, अंदाजपत्रकाचा मसुदा हे सारे त्याच्याच अखत्यारीत येते. आपल्याकडच्या मुख्यमंत्र्याशी त्याची तुलना अधिक योग्य ठरेल. फरक इतकाच की राज्याच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे विधिमंडळात, त्याच्या पक्षाचे बहुमत असलेच पाहिजे असे नाही, आणि नसले तरी अविश्वास ठराव आणून त्याला खाली ओढता येत नाही. मुदत सहा वर्षांची. ती संपली की तोच माणूस पुन्हा त्या पदावर कधीही येऊ शकत नाही, हंगामी म्हणूनसुद्धा नाही. हा नियम इतका कडक असण्याला कारण आहे: पोर्फिरिओ दियास नावाचे सेनानी १८७६ ते १९११ या काळात मधली चार वर्षे सोडली तर सलग राष्ट्राध्यक्ष राहिले, आणि ‘पुनर्निवड नको’ ही त्यांच्याविरुद्धच्या क्रांतीची पहिली घोषणा होती. कागदावर एवढी भक्कम असलेली ही खुर्ची प्रत्यक्षात बसणाऱ्याच्या मालकीची क्वचितच झाली, हे मात्र मला इथला इतिहास वाचताना पदोपदी जाणवले.

सुरुवातच पाहा ना. स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५७९ मध्ये लुईस दे कार्वाहाल या पोर्तुगीज वंशाच्या माणसाला दोनशे लीग (अंतराचे जुने माप) लांब व दोनशे लीग रुंद एवढ्या मुलखाचा गव्हर्नर करून ‘लेओनचे नवे राज्य’ त्याच्या नावे लिहून दिले. कार्वाहालचे घराणे मुळात ज्यू, दडपणाखाली ख्रिस्ती झालेले. घरातील काही माणसे आपला जुना धर्म गुप्तपणे पाळतात आणि हे ठाऊक असूनही गव्हर्नरने ते लपवून ठेवले, असा ठपका ठेवून इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याला पकडले आणि तो कैदेतच मेला. त्याची वसाहत ओस पडली. त्याचाच एके काळचा सहकारी दिएगो दे मोन्तेमायोर याने २० सप्टेंबर १५९६ रोजी मोजकी बारा कुटुंबे घेऊन मॉन्तेरे वसवले. पुढे मार्तिन दे साव्हाला हा १६२६ पासून १६६४ मध्ये मरण येईपर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, गव्हर्नर होता. एवढा काळ ही खुर्ची नंतर कोणालाच लाभली नाही.

स्पेनची सत्ता गेल्यावर १८२४ मध्ये नुएवो लेओन हे संघराज्यातील घटक राज्य झाले. पहिली तीस वर्षे गडबडीचीच होती, त्यात १८४६ मध्ये अमेरिकन फौजांनी मॉन्तेरे जिंकूनही घेतले. खरी गोष्ट सुरू होते ती सान्तिआगो विदाउर्रींपासून. हे गृहस्थ वर्षानुवर्षे राज्याच्या सचिवालयात कारकुनी करत वर चढलेले. कोणती फाइल कुठे आहे आणि कोणत्या गावात कोणाचे चालते हे त्यांना तोंडपाठ होते. मे १८५५ मध्ये त्यांनी बंड करून मॉन्तेरे ताब्यात घेतले, आणि पुढच्याच वर्षी शेजारचे कोआउइला राज्य स्वतःच्या राज्याला जोडून टाकले. केंद्राने आधी डोळे वटारले, पण १८५७ च्या राज्यघटनेत ते जोडराज्य निमूटपणे मान्य केले. सरहद्दीवरील जकात नाक्यांचे उत्पन्न केंद्राकडे न पाठवता ते स्वतःच्या सैन्यावर खर्च करत. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी झाली, आणि तिकडचा कापूस रिओ ब्रावो ही सरहद्दीवरची नदी ओलांडून मेक्सिकोच्या वाटेने युरोपला जाऊ लागला. त्या व्यापारावर विदाउर्रींची तिजोरी भरली आणि मॉन्तेरेच्या व्यापारी घराण्यांचीही. इथल्या भांडवलाचा पाया त्या कापसात आहे, असे म्हणायला हरकत नाही.

मग फ्रेंच सैन्य मेक्सिकोत शिरले. राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस राजधानी सोडून उत्तरेकडे सरकत १८६४ च्या फेब्रुवारीत मॉन्तेरेला पोचले आणि त्यांनी जकातीचा पैसा मागितला. विदाउर्रींनी तो दिला नाहीच, उलट शहरातून राष्ट्राध्यक्षांनाच काढता पाय घ्यावा लागला. हुआरेस यांनी फर्मान काढून कोआउइला वेगळे केले. विदाउर्री टेक्सासला पळाले, परत येऊन फ्रेंचांनी गादीवर बसवलेल्या सम्राट माक्सिमिलिआनच्या दरबारी रुजू झाले, आणि साम्राज्य कोसळल्यावर जुलै १८६७ मध्ये राजधानीत त्यांना देशद्रोही ठरवून पाठीत गोळ्या घातल्या गेल्या. मला या माणसाविषयी आदर वाटत नाही, पण प्रांताचा पैसा प्रांतातच राहावा हा जो हट्ट त्यांनी धरला, तो इथे आजही गव्हर्नरच्या भाषणांतून ऐकू येतो. केंद्राला आम्ही देतो किती आणि परत मिळते किती, हा हिशेब मॉन्तेरेत टॅक्सीवालासुद्धा मांडून दाखवतो.

असा हट्टी प्रांत काबूत ठेवायचा म्हणून दियास यांनी १८८५ मध्ये जनरल बेर्नार्दो रेयेस यांना इकडे पाठवले. रेयेस ग्वादालाहाराचे, म्हणजे बाहेरचे. त्यांनी स्थानिक सरदारांची गटबाजी मोडली आणि मधली काही वर्षे वगळता १९०९ पर्यंत राज्य चालवले. कारखानदारांना करमाफी दिली. १८९० मध्ये बिअरचा मोठा कारखाना आणि १९०० मध्ये लोखंड-पोलादाची ओतशाळा त्यांच्याच काळात उभी राहिली. १९०६ मध्ये कामगारांना अपघाताची भरपाई देणारा कायदाही त्यांनी केला, जो त्या काळी या देशात नवलाचा होता. पण त्याच रेयेस यांच्या राज्यात २ एप्रिल १९०३ रोजी विरोधकांच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि माणसे मेली. त्यांच्यावर केंद्रीय काँग्रेसपुढे आरोप ठेवले गेले, ते फेटाळलेही गेले.

राज्याचा शासकीय प्रासाद त्यांनीच बांधायला घेतला. १९०८ मध्ये तो पुरा झाला. मी तिथे बऱ्याचदा रविवारी जाते, कारण आतील काही दालनांत आता संग्रहालय आहे. दगड फिकट गुलाबी, सान् लुईस पोतोसीहून आणलेला. उन्हे उतरू लागली की पायऱ्यांवर कुटुंबे येऊन बसतात, पोरे समोरच्या फरसबंदीवर चेंडू खेळतात आणि मक्याचे दाणे, मलई व तिखट घातलेले पेले हातोहात फिरत असतात. गव्हर्नरचे कार्यालय याच इमारतीत आहे हे पाहून मला आपल्या मंत्रालयाच्या दारावरील पासांची रांग आठवली. अर्थात मोर्चा असला की याच पायऱ्यांपुढे लोखंडी कठडे लागतात आणि पोलीस उभे राहतात. रेयेस यांना स्वतःला या प्रासादात फार काळ बसायला मिळाले नाही. राष्ट्राध्यक्षपदासाठी त्यांचे नाव लोकांच्या तोंडी येऊ लागताच दियास यांनी त्यांना युरोपात धाडले, आणि ९ फेब्रुवारी १९१३ रोजी मेक्सिको सिटीत बंडाचे नेतृत्व करत राष्ट्रीय प्रासादावर चालून जाताना ते गोळी लागून पडले. त्यांचा मुलगा आल्फोन्सो रेयेस पुढे स्पॅनिश भाषेतला मोठा लेखक झाला.

क्रांतीनंतरची वीसेक वर्षे मी ओलांडून जाते. गव्हर्नर येत होते आणि जात होते. १९२९ मध्ये सत्ताधारी पक्ष स्थापन झाला, जो पुढे ‘प्री’ या नावाने ओळखला गेला, आणि तेव्हापासून राष्ट्राध्यक्षाने बोट दाखवावे, पक्षाने नाव जाहीर करावे व लोकांनी मत टाकावे असा क्रम रूढ झाला. तुम्हाला आपले राष्ट्रपती राजवटीचे कलम ३५६ आठवेल. इथल्या सेनेटलाही एक अधिकार आहे: राज्यातील सर्व सत्ता ‘नाहीशा झाल्या’ असे जाहीर करून हंगामी गव्हर्नर नेमण्याचा. १९३५ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांच्या काळात एका फटक्यात चार राज्यांत तो वापरला गेला. शेवटचा वापर १९७५ मध्ये इदाल्गो आणि ग्वेर्रेरो या राज्यांत झाला. नुएवो लेओनमध्ये मात्र बहुतेकदा त्याची गरजच पडली नाही, दूरध्वनीवर काम भागत असे.

१९७१ चा प्रसंग या दृष्टीने मला सर्वांत बोलका वाटतो. एदुआर्दो एलिसोन्दो हे तेव्हा गव्हर्नर होते, प्री पक्षाचे असले तरी शहरातील उद्योगपतींच्या विश्वासातले. त्यांच्याच कारकिर्दीत १९६९ मध्ये राज्याच्या विद्यापीठाला स्वायत्तता मिळाली होती, आणि त्यांनीच आता नवा कायदा आणून विद्यापीठाचा कारभार कामगार संघटना, व्यापारी, वृत्तपत्रे अशा बाहेरच्यांचा भरणा असलेल्या एका सभेकडे सोपवला. विद्यार्थी आणि प्राध्यापक खवळले. नवे राष्ट्राध्यक्ष लुईस एचेवेरिया यांना आपण विद्यार्थ्यांचे मित्र असल्याचे दाखवायचे होते, म्हणून त्यांनी शिक्षणमंत्र्यांना मॉन्तेरेला पाठवले, राज्याच्या काँग्रेसला कायदा बदलायला लावले, आणि एलिसोन्दो यांनी ५ जूनला राजीनामा दिला. निवडून आलेला गव्हर्नर केंद्राच्या दाबाने गेला, पण दोष सगळा केंद्राचा असेही मी म्हणणार नाही. कायदा वाईटच होता.

गोष्ट इथे थांबत नाही. मॉन्तेरेच्या विद्यार्थ्यांना पाठिंबा म्हणून राजधानीत १० जूनला मोर्चा ठरला होता; राजीनाम्यानंतर त्याचे मूळ कारण उरलेले नसतानाही इतर मागण्या जोडून विद्यार्थी निघाले, आणि सरकारने पोसलेल्या ‘ससाणे’ नावाच्या टोळीने त्यांच्यावर लाठ्या व बंदुका चालवून अनेकांचे प्राण घेतले. राजधानीचे प्रशासक त्या वेळी आल्फोन्सो मार्तिनेस दोमिंगेस होते, मॉन्तेरे परिसरातलेच. पाच दिवसांनी त्यांचे पद गेले. आठ वर्षांनी, १९७९ मध्ये, तेच नुएवो लेओनचे गव्हर्नर झाले, आणि शहराच्या मध्यातील जुन्या वस्तीचे वाडे, दुकाने, चित्रपटगृहे पाडून त्यांनी भलेमोठे चौक-उद्यान उभारले, ज्याच्या एका टोकाला तो गुलाबी प्रासाद आहे. लोक तिथे आनंदाने फिरतात, मीही फिरते. पण ते कोणी बांधले याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

विरोधी पक्षाला खुर्ची मिळायला १९९७ उजाडावे लागले. राष्ट्रीय कृती पक्षाचे फेर्नान्दो कानालेस क्लारिओन्द हे १९८५ मध्ये हरले होते. मतमोजणीत घोटाळा झाल्याचा आरोप करत त्यांच्या समर्थकांनी तेव्हा रस्ते भरून टाकले होते. बारा वर्षांनी तेच जिंकले. २००३ च्या आरंभी ते केंद्रात मंत्री झाले आणि उरलेल्या महिन्यांसाठी काँग्रेसने ज्यांना बसवले ते होते फेर्नान्दो एलिसोन्दो, १९७१ मध्ये पायउतार झालेल्या एलिसोन्दोंचे चिरंजीव. घराणी आपल्याकडे आहेत तशीच इथेही आहेत. पुनर्निवडीवर बंदी घालून ती नाहीशी झालेली नाहीत.

२०१५ मध्ये हाइमे रोद्रिगेस हे कोणत्याही पक्षाविना गव्हर्नर झाले, या देशात असे प्रथमच घडले. घोड्यावर बसलेला, शिवराळ, ‘एल ब्रोंको’ म्हणजे रानटी घोडा याच नावाने मिरवणारा माणूस. अर्धी मुदतही पुरी होण्याआधी २०१८ मध्ये ते रजा घेऊन राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले, पाचेक टक्के मते मिळवून परत आले आणि लोकांच्या मनातून उतरले. हे सारे डोळ्यांदेखत घडलेले असताना त्यांच्या पाठोपाठ आलेले सामुएल गार्सिया यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये तेच केले. फरक असा की काँग्रेसमधील प्री आणि कृती पक्ष यांचे बहुमत त्यांच्या विरोधात होते, आणि रजेच्या काळात हंगामी गव्हर्नर कोण हे ठरवण्याचा अधिकार काँग्रेसचा. २९ नोव्हेंबरला नाव ठरवायला सभागृह बसले, तेव्हा जमाव आत घुसला आणि सभागृहात धूर झाला. तरीही लुईस एन्रिके ओरोस्को यांची निवड मंजूर झाली. गार्सियांनी इकडे आपल्याच मंत्र्याकडे कारभार सोपवल्याचे जाहीर केले. २ डिसेंबर उजाडला तेव्हा राज्याला गव्हर्नर नक्की कोण, हे कोणीच सांगू शकत नव्हते. शेवटी विरोधकांच्या हाती राज्य जाण्यापेक्षा बरे म्हणून गार्सियांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी सोडली आणि ते खुर्चीत परत येऊन बसले. नोव्हेंबर २०१९ मधला आपला पहाटेचा शपथविधी तुम्ही विसरला नसाल. तेव्हा तुम्ही जितके चिडला होतात, तितकेच इथले माझे वयस्क शेजारी चिडले होते.

आजवर नुएवो लेओनला एकही स्त्री गव्हर्नर मिळालेली नाही, जरी कोलिमा राज्याने १९७९ मध्येच ग्रिसेल्दा आल्वारेस यांना निवडून दिले होते आणि देशाच्या राष्ट्राध्यक्षपदी आता क्लाउदिया शेनबाउम आहेत. गार्सियांची मुदत २०२७ च्या ४ ऑक्टोबरला नवा गव्हर्नर शपथ घेईपर्यंत आहे. निवडणूक त्याच वर्षी जूनमध्ये. मला मत नाही, पण उमेदवारांची नावे पक्की झाली की तुम्हाला कळवीन.

आईस नमस्कार, लहानग्यांस आशीर्वाद.

आपली,
मीनल