खेळाडूंच्या निर्मितीवर हक्क कोणाचा?

संपादक महोदय,

ऑनलाइन आभासी जगांत खेळाडू नुसता वेळ घालवत नाहीत. ते इमारती, वेशभूषा, नकाशे आणि कधीकधी संपूर्ण नवा खेळही घडवतात. ‘वॉरक्राफ्ट ३’ या संगणक खेळातील साधने वापरून खेळाडूंनी ‘डोटा’ रचला आणि त्यातून एक स्वतंत्र खेळप्रकारच उभा राहिला. तरीही २०२० मध्ये त्या मूळ खेळाची सुधारित आवृत्ती आणताना, खेळाडूंनी रचलेले खेळ ही आपलीच मालमत्ता असल्याचे तो बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने धोरणात लिहून टाकले. अनेकांच्या रात्री ज्यात खर्ची पडल्या, ते काम न वाचता मान्य केलेल्या अटींच्या एका ओळीने हातचे जावे, हे मला उघड अन्यायाचे वाटते.

वेगळा मार्ग शक्य आहे. ‘सेकंड लाइफ’ या ऑनलाइन आभासी जगाने २००३ मध्येच निर्मितीचे बौद्धिक संपदा हक्क रहिवाशांकडे, म्हणजे वापरकर्त्यांकडे ठेवले. अर्थात वस्तू कंपनीच्या सर्व्हरवरच असल्याने खाते बंद झाले की हक्क केवळ कागदावर उरतो. त्याच जगातील आभासी जमिनीच्या वादात २००७ मध्ये अमेरिकेतील संघीय न्यायालयाने, वाद लवादाकडेच नेण्याची सक्ती करणारे कराराचे कलम अतिएकतर्फी म्हणून अमान्य केले. पुढे तडजोड झाल्याने मालकीचा मूळ प्रश्न मात्र अनिर्णितच राहिला.

म्हणून खाते बंद करण्यापूर्वी कारणासह सूचना देणे आणि खेळाडूला स्वतःच्या निर्मितीची प्रत सोबत नेऊ देणे, एवढे तरी कायद्याने बंधनकारक करावे.

– एक वाचक