पाली शिकवणाऱ्या काकांना

काका, सप्रेम जयभीम.

दोन वर्षं दर रविवारी तुमच्याकडे पाली, म्हणजे बुद्धांची सुत्तं (उपदेश) ज्या भाषेत आहेत ती, शिकते आहे आणि एकदाही नीट आभार मानले नाहीत. समोर मानले असते तर तुम्ही "बरं बरं, पुढचं सुत्त काढ" म्हणाला असता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांना वाचता येईल असं. गोव्याचे धर्मानंद कोसंबी पालीसाठी श्रीलंकेपर्यंत गेले होते. मला ती आमच्याच गावात एका निवृत्त पोस्टमनने फुकट शिकवली.

पहिला दिवस आठवतो. आमच्या घरी बाबांची षोडशोपचार पूजा असते, ऋग्वेदातल्या पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा पूजेच्या सोळा उपचारांना. ऐकून ऐकून मला ते पाठ आहे. मी उत्साहाने तुम्हाला सांगत होते, की त्या सूक्तातल्या विराट पुरुषाच्या मनातून चंद्र झाला, डोळ्यांतून सूर्य, नाभीतून अंतरिक्ष. अवघं विश्व एक देह आहे हे याहून सुंदर कुणी सांगितलं असेल? तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "बारावी ऋचा कुठल्या उपचाराला म्हणतात?"

दीपाला. बाबा निरांजन ओवाळतात तेव्हा. ब्राह्मण त्याचं मुख, राजन्य, म्हणजे क्षत्रिय, बाहू, वैश्य मांड्या आणि पायांपासून शूद्र. आजवर किती वेळा म्हटली असेल, अर्थ लावून वाचली नव्हती. सारवासारव करायला मी चौदावी पुढे केली: त्याच पायांपासून भूमीही झाली, तिच्यावरच तर सगळे उभे आहेत. तुम्ही चिडला नाहीत. एवढंच म्हणालात, "देहाला सगळं जोडलेलंच असतं गं. तरी डोकं वर आणि पाय खाली राहतात ना?"

काका, त्या वाक्यापाशी मी कितीतरी दिवस अडकून होते. सर्वांभूती एकच आत्मा, असं रोज म्हणणाऱ्या घरात मी वाढले, आणि त्याच घरात धुण्याभांड्याच्या मावशींचा कप वेगळा, खिडकीत पालथा ठेवलेला असायचा. जोडलेलं असणं वेगळं आणि बरोबरीचं असणं वेगळं, हे मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

मग तुम्ही दीघ निकाय या बुद्धांच्या लांब उपदेशांच्या संग्रहातलं अग्गञ्ञ सुत्त काढलंत. ब्राह्मण कुळात जन्मलेले वासेट्ठ आणि भारद्वाज बुद्धांना सांगतात, की आमची माणसं आम्हाला दूषणं देतात, ब्राह्मण हेच ब्रह्म्याच्या मुखातून जन्मले म्हणतात. त्यावर बुद्धांचं उत्तर किती साधं! ब्राह्मणांच्या बायकाही ऋतुमती होतात, गरोदर राहतात, बाळंत होतात, अंगावर पाजतात. हे वाचताना माझा आवाज अडखळला तेव्हा तुम्ही वर पाहिलं नाहीत, त्याबद्दलही आभार.

नळकलापी सुत्ताच्या दिवशी तर तुम्ही अंगणातले दोन खराटे एकमेकांना टेकवून उभे केलेत. बुद्धांचा शिष्य सारिपुत्त दुसऱ्या भिक्खूला, महाकोट्ठिताला, बोरूच्या दोन मोळ्यांची उपमा देतो: विज्ञान (म्हणजे जाणीव) नामरूपाच्या (म्हणजे मन-शरीराच्या) आधाराने उभं, नामरूप विज्ञानाच्या. एक काढली की दुसरी पडते. तुम्ही एक खराटा काढलात, दुसरा पडला. "यात डोकं कुठलं आणि पाय कुठले, सांग," म्हणालात. प्रतीत्यसमुत्पादावर, म्हणजे सगळं एकमेकांच्या आधाराने घडतं या शिकवणीवर, मी इतकं वाचलं होतं, पण कळलं ते त्या क्षणी.

बौद्ध विश्वातही उतरंड आहेच, हे तुम्ही लपवलं नाहीत. नरकापासून वर एकतीस भूमी, म्हणजे जन्माचे स्तर, त्यांत देव आणि ब्रह्मेसुद्धा. पण तिथे कुणाचाही मुक्काम कायमचा नाही. पुण्य सरलं की देवही खाली येतो. मग ३१ जानेवारी १९२० च्या 'मूकनायक'च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी काय लिहिलं ते सांगितलंत: हिंदू समाज हा मनोरा, एकेक जात एकेक मजला, पण मनोऱ्याला शिडीच नाही.

मी तैत्तिरीय उपनिषद आणलं. त्यातही आनंदाच्या पायऱ्या आहेत, माणसापासून ब्रह्म्यापर्यंत, प्रत्येक शंभरपटीने मोठी. पण गंधर्वांपासून पुढे प्रत्येक पायरीवर म्हटलंय, की कामनेने न पछाडलेल्या श्रोत्रियालाही, म्हणजे वेद शिकलेल्यालाही, हाच आनंद. तुम्हाला ते मनापासून आवडलं. वहीत उतरवून घेतलंत. आणि हळूच विचारलंत, "श्रोत्रिय व्हायची मुभा कुणाकुणाला होती?"

तोच प्रश्न तुम्ही स्वतःच्या बौद्ध परंपरेलाही विचारता, म्हणून मला तुमच्याबद्दल इतका आदर आहे. उपालीची गोष्ट आधी सांगितलीत: शाक्य राजपुत्रांनी आपल्या न्हाव्याला, उपालीला, आधी प्रव्रज्या (भिक्खू होण्याची दीक्षा) द्यायला लावली, म्हणजे त्याला वंदन करताना आपला कुलाभिमान गळेल. पण ही गोष्ट ज्यात आहे त्याच चुल्लवग्गातला, म्हणजे संघाच्या नियमांच्या ग्रंथातला, भिक्खुणींचा नियमही मलाच मोठ्याने वाचायला लावलात. उपसंपदेला (पूर्ण दीक्षेला) शंभर वर्षं झालेल्या भिक्खुणीनेही आज भिक्खू झालेल्याला वंदन करायचं. "हे मला पटत नाही," तुम्ही म्हणालात, "पण लिहिलंय ते वाचायचं."

परवा बाबांना मी खराट्यांची गोष्ट सांगितली. त्यांनी दोनदा ऐकली. संध्याकाळी म्हणाले, त्या गृहस्थांना भेटायचंय. येत्या रविवारी त्यांना घेऊन येऊ का? गुडघ्यांमुळे तुमचा जिना त्यांना चढवणार नाही. वर्ग खाली अंगणातच घेऊ या?

तुमची पोरगी