फोर्टमधल्या कॅमेरा दुरुस्तीवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

देशोदेशी फिरणाऱ्या फोटोग्राफरचं नाव फोटोखाली छापून येतं. त्याची लेन्स उघडून, साफ करून, पुन्हा जुळवून दिली कोणी, हे कुठेच येत नाही. म्हणून हे जाहीर पत्र.

मुंबईच्या पावसाळ्यात बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. सुरुवातीचे तंतू मागून टॉर्च मारल्याशिवाय दिसत नाहीत. तेव्हाच तुमच्याकडे आणली तर काच स्वच्छ निघते. उशीर झाला की बुरशी काचेवरचा पातळ थर, म्हणजे कोटिंग, खाते. मग पुसूनही डाग राहतो आणि उजेडासमोर फोटो पांढुरका येतो. अशी लेन्स आली की ‘यात आता पैसे घालू नका’ असं तुम्ही तोंडावर सांगता, हातचं काम सोडून. लेन्स कोरड्या ठेवायच्या कपाटाचा, म्हणजे ड्राय कॅबिनेटचा, आर्द्रतेचा काटा ४० ते ५० टक्क्यांवर ठेवायची सवयही तुमचीच. फार कोरडं केलं तर रबर सुकतं, हे विकणारा सांगत नाही.

थंड देशातून आलेल्या कॅमेऱ्यांचं दुखणं वेगळं. उणे तापमानातून थेट उबदार खोलीत नेला की आतही दव धरतं. बाहेर असतानाच झिपच्या पिशवीत हवाबंद करायचा आणि आत आल्यावर दोन तास उघडायचा नाही. दव पिशवीवर बसतं, सर्किट कोरडं राहतं. बॅटरी आणि कार्ड तेवढं आधी काढून घ्यावं, म्हणजे फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडली जात नाही.

वाळवंटातून आलात तर कापड लावू नका, आधी ब्लोअरने धूळ उडवा, असं तुम्ही सांगता. तोंडाने फुंकणाऱ्यांवर तुम्ही ओरडता ते योग्यच, थुंकीचे डाग तुम्हालाच काढावे लागतात. आणि घरच्या फिलिप्स स्क्रू ड्रायव्हरने जपानी बॉडी उघडणाऱ्यांवरही ओरडा. तिथे जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचं, टोक लागतं. दुसऱ्या टोकाने स्क्रूचं डोकं झिजतं आणि साधं काम ड्रिलवर जातं.

सर्वात मोठे आभार मात्र तुमच्या बिलाचे. प्रत्येक बॉडीचा, लेन्सचा सिरियल नंबर तुम्ही बिलावर लिहिता. परदेशात सामान तात्पुरतं नेण्यासाठी फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्नेट हा कस्टम्सचा कागद काढतात, त्याची मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची. त्यातल्या यादीत नंतर एकही वस्तू वाढवता येत नाही आणि कस्टम्सवाले नंबर ताडून बघतात. दुरुस्तीत बॉडी बदलून आली की नंबरही बदलतो. तुमच्या बिलावर तो लाल शाईत असतो, त्यामुळे कार्नेट काढण्याआधीच यादी सुधारता येते.

जुन्या मॉडेलचे सुटे भाग बाजारात मिळेनासे झालेत. बंद पडलेल्या बॉड्यांतून तुम्ही शटर, फ्लेक्स (आतल्या लवचिक सर्किट पट्ट्या), स्क्रू काढून डब्यांत जपता. या दिवाळीच्या साफसफाईत निघालेल्या आमच्या मेलेल्या बॉड्या भंगारात न घालता तुमच्याकडे पाठवतोय. दोन-तीन पाण्यात पडलेल्या आहेत, त्या वेगळ्या पिशवीत आहेत.

आपले,
मुंबईतले काही फिरते फोटोग्राफर