‘काय ऐकलंस?’ विचारणाऱ्या मावशीस

प्रिय मावशी,

गाण्याची आवड कुठून लागली असं कुणी विचारलं की माणसं मोठमोठ्या गवयांची नावं घेतात. मीही घेते. पण त्या गवयांपर्यंत हाताला धरून कुणी नेलं, हे सांगायचं राहूनच जातं. म्हणून हे पत्र तुझ्या एकटीच्या हातात न देता चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय. तुला संकोच वाटेल, ठाऊक आहे. तरी लिहू दे.

आभार सगळ्यात आधी तुझ्या एका प्रश्नासाठी. गाणं संपलं की बाकीचे विचारायचे, ‘आवडलं का?’ तू विचारायचीस, ‘काय ऐकलंस?’ आवडलं किंवा नाही आवडलं, एवढं म्हटलं की विषय संपतो. तुला उत्तर द्यायचं तर ते गाणं मनात पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागायचं. आणि हे विचारणं तू सुरू केलंस ते माझ्याच गाण्यांपासून. मी सिनेमाची गाणी लावून बसायचे, तू शेजारी येऊन बसायचीस. धृपद संपून कडवं सुरू होईपर्यंतच्या तुकड्यात बासरी नेमकी कुठे शिरते, ती थांबल्यावर व्हायोलिनं तीच ओळ उचलतात की वेगळी, कडव्यात ठेका बदलला का... शब्द आणि चाल तोंडपाठ असलेल्या गाण्यात इतकं काही चाललेलं असतं, हे मला तुझ्यामुळे कळलं. ‘हे हलकं, ते भारी’ असं तू कधी म्हणाली नाहीस.

याचं मोल पुढे नभोवाणीचा इतिहास वाचताना जास्त उमगलं. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा जाणकार माणूस. लोकांची अभिरुची सुधारावी ही त्यांची तळमळ खरी होती. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं, तर रेडिओचा काटा रेडिओ सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेतल्या केंद्राकडे, फिरवला. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. पण त्याच केसकरांच्या कारकिर्दीत, १९५२ मध्येच, संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला, आणि ज्यांना मैफलीत जाणं कधी शक्य नव्हतं अशा घरांत त्यानं मोठमोठे कलाकार नेऊन पोचवले. माणूस एक, हेतू एक. बंदी फसली, आणि जे नवं कानांवर घातलं ते रुजलं. मी हे वाचलं तेव्हा तुझीच आठवण झाली. माझं काही काढून न घेता तू त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी ठेवत गेलीस.

तानपुऱ्याचं मात्र सविस्तर सांगायलाच हवं, कारण माझे कान खऱ्या अर्थानं उघडले ते तिथे. तू तानपुरा लावत होतीस. आधी पंचमाची तार, मग जोडाच्या म्हणजे षड्जाच्या दोन तारा, मग खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची तार. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर तारेखालचा दोरा बोटाच्या नखानं अगदी किंचित पुढे, किंचित मागे सरकवत होतीस. तारेचा आवाज आधी बोथट होता. मग एका जागी तो एकदम फुलला, झणझणीत झाला. तू म्हणालीस, ‘आता खर्जाच्या तारेकडे लक्ष दे. सा सोडून दुसरं काही ऐकू येतंय का बघ.’ मला येईना. तू घाई केली नाहीस. फक्त खर्ज छेडत राहिलीस, आणि बऱ्याच वेळानं हळूच एक स्वर गुणगुणलीस. तो गंधार होता, सा-रे-ग मधला ग. तू गप्प झालीस तरी तो तारेतून येतच राहिला! चार तारांपैकी एकही गंधाराला लावलेली नव्हती.

स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच, हे तू नंतर सांगितलंस, आणि मागचं गणितही. खर्जाची तार सेकंदाला १०० वेळा कंप पावत असेल तर तिच्या पोटात २००, ३००, ४००, ५०० अशी कंपनंही चाललेली असतात. २०० आणि ४०० म्हणजे वरचे षड्जच, ३०० म्हणजे पंचम, आणि ५०० वर शुद्ध गंधार. घोडीचा किंचित उतरता पृष्ठभाग आणि तो दोरा यांच्यामुळे हे वरचे स्वर उजळून बाहेर येतात. गणित मला आवडलंच. पण तू ते आधी सांगितलं असतंस तर तो गंधार मी ऐकला नसता, फक्त मान डोलावली असती. आधी कान, मग माहिती, हा क्रम तू कधी मोडला नाहीस.

गवयांच्या बाबतीतही तसंच. एकदा जुनं ध्वनिमुद्रण लावलंस, नाव न सांगता. जेमतेम तीन मिनिटांची तबकडी, खरखर भरपूर, आणि तिच्यातून एक बारीक, आर्त, कमालीचा सुरेल आवाज येत होता. झिंझोटी रागातली ठुमरी. मी ती तुला पुन्हा लावायला सांगितली, मग आणखी एकदा. तेव्हा कुठे तू म्हणालीस की हे अब्दुल करीम खाँसाहेब. त्यांची झिंझोटी तबकडीवर ऐकून एक मुलगा वेडा झाला आणि १९३३ साली, वयाच्या ११व्या वर्षी, गुरू शोधायला घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे ते ज्यांच्याकडे शिकले ते सवाई गंधर्व खाँसाहेबांचेच शिष्य. एका तबकडीनं एका माणसाच्या आयुष्याची दिशा ठरवली, ही गोष्ट आता बहुतेकांना ठाऊक असते. मला ती कळायच्या आधी तो सूर कानात होता, हे तुझं देणं.

रॉबर्ट झायन्स नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवून दिलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती आवडू लागते. गाण्याच्या बाबतीत ते बरंचसं खरं असावं. पण माझ्या मते तेवढ्यानं गाणं फक्त सवयीचं होतं. त्याच्या आत शिरायला ‘इकडे बघ’ म्हणणारं माणूस लागतं.

आणि तू स्वतःही किती उत्सुकतेनं ऐकायचीस! कॉलेजात एका मैत्रिणीनं मला जॅझची गोडी लावली. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बममधली पहिली रचना, ‘सो व्हॉट’, मी तुला ऐकवली. तू ट्रम्पेट असं निवांत कधी ऐकलेलं नव्हतंस. डोळे मिटून बसलीस, आणि थोड्या वेळानं म्हणालीस, ‘सगळे सूर काफीचे आहेत गं.’ मग एकदम डोळे उघडून, ‘अगं, षड्जच वर सरकवला यांनी! अर्ध्या सुरानं.’ आणि काही वेळानं, ‘आणला परत खाली.’ मी पुस्तकात बघितलं. डी या सुराला षड्ज मानून डोरियनचे १६ बार (एक बार म्हणजे चार मात्रा), मग अर्धा सूर वर ई फ्लॅटवरून डोरियनचे ८, मग पुन्हा मूळ जागी ८. डोरियन म्हणजे आपल्या काफी थाटाचेच सूर. जॅझचा एक शब्द माहीत नसताना तू त्या रचनेचा सगळा सांगाडा कानानं ओळखला होतास. आपल्याकडे गाणं चालू असताना षड्ज असा जागचा हलत नाही, म्हणून तुला ते विशेष वाटलं, आणि तू ते तीनदा लावायला लावलंस. परकं संगीत ऐकताना आपलं ऐकणं बाहेर काढून ठेवावं लागत नाही, तेच उपयोगी पडतं, हे मी त्या दिवशी तुझ्याकडे बघून शिकले. त्या मैत्रिणीचेही आभार मानायला हवेत. तिला वेगळं लिहीन.

शेवटी आपल्या जुन्या वादाबद्दल. तुझे मल्लिकार्जुन मन्सूर. जयपूर-अत्रौली घराण्याची ती न तुटणारी वीण, एका आवर्तनातून दुसऱ्यात कधी शिरले कळू न देणारी लय, अनवट राग असे सहज मांडणं की जणू रोजचेच. मला हे सगळं दिसतं आणि मी नमस्कारही करते. पण माझा जीव कुमार गंधर्वांवर. क्षयानं एक फुप्फुस जवळजवळ निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद राहिलं, आणि त्यानंतर उरलेल्या श्वासातून त्यांनी जे छोटे, अचानक झेपावणारे स्वरसमूह उभे केले, ते ऐकताना मला दुसरं काही सुचत नाही. तुला ते तुटक वाटतं. तू तसं स्पष्ट सांगतेस, मी भांडते, तू पुन्हा मन्सूरांचा एखादा जोडराग, दोन राग गुंफलेला, लावतेस, आणि मी पुन्हा कुमारांकडे जाते. तुझ्या हाताखाली तयार झालेले कान तुझ्या आवडीशी जुळत नाहीत, याचं तुला कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. उलट माझं म्हणणं पटावं म्हणून मी जितकी बारीक कारणं शोधते, तितकी तू खूश होतेस. एवढी मोकळीक मला दुसऱ्या कुणी दिलेली नाही. त्याबद्दल, मावशी, अगदी मनापासून आभार.

तुझी,
भाची