सरपंच गेला, नगरसेवक आलाच नाही

पुणे,
१४ जून २०२५

प्रिय वैशाली,

तुझं पत्र येऊन महिना होऊन गेला. "पुण्यात निवडणुका कधी गं?" असं तू सहज विचारलंस आणि मी उत्तराला बसले, तर दोनदा लिहून फाडलं. आज मात्र पाठवतेच.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. तेव्हापासून प्रशासक आहेत. आयुक्तच प्रस्ताव मांडतात आणि प्रशासक म्हणून मंजूरही तेच करतात. सभागृह नाही, स्थायी समिती नाही, उभं राहून "हे का?" म्हणणारं कोणी नाही. आपल्या भागात निदान जुन्या नगरसेविकेच्या घरी जाऊन बसता येतं. मला झोप लागत नाही ती सिंहगड रस्त्याकडच्या नांदेड आणि किरकटवाडी या गावांतल्या लोकांमुळे.

ही गावं २०२१ मध्ये पालिकेत आली, एकूण तेवीस. त्याबरोबर ग्रामपंचायती बरखास्त झाल्या. पुढच्याच वर्षी पालिकेचं सभागृहही गेलं. म्हणजे या माणसांचा सरपंच गेला आणि नगरसेवक आजतागायत आलेला नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मंगलताई तिथेच राहतात. घरपट्टीची बिलं घरमालकाकडे वेळेवर येतात आणि तो भाडं वाढवतो. पाणी मात्र गावच्या जुन्या विहिरीचं, त्यात क्लोरीन टाकायचं आणि सोडायचं. शुद्धीकरण केंद्र नाही.

या जानेवारीत जीबीएसची, म्हणजे हातापायांतला जोर जाणाऱ्या गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची, साथ आली ती सिंहगड रस्त्याच्या याच पट्ट्यात. दोनशेहून जास्त संशयित रुग्ण झाले. मंगलताईंच्या शेजारचा मुलगा सकाळी उठला तर पायात जोरच नव्हता. दहा वर्षांचा मुलगा, भिंत धरून उभा राहिला आणि खाली बसला. हे सांगताना त्यांचे हात पिठातच थांबले होते. आम्ही दोघी पाण्याची तक्रार घेऊन एका कार्यालयात गेलो, तिथून दुसऱ्या, तिथून पुन्हा पहिल्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ताई, माझा रोज बुडतोय." कामावर खाडा करून पाणी मागावं लागतं, हे मला फार लागलं.

तुला आठवतं, कॉलेजात आपण फुल्यांच्या हौदावर किती भांडायचो? १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पण ते पुणे नगरपालिकेचे सभासदही होते, १८७६ पासून, हे आपण तेव्हा नीट वाचलंच नव्हतं. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून स्वागतावर हजार रुपये खर्चायचे ठरले, तेव्हा त्यांनी विरोध केला. तो पैसा गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणाले. नेमलेला असला, तरी सभागृहात बसून नाही म्हणणारा एक माणूस होता. आज ते बसायचं सभागृहच बंद आहे.

गेल्या जुलैत खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडलं आणि एकतानगरीत घरं बुडाली. पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. त्याच नदीचे काठ सुशोभित करायचं काम चालू आहे. नदीचं पात्र अरुंद करू नका असं आम्ही म्हणतो, पण म्हणायचं कोणापुढे?

निवडणुका ओबीसी आरक्षणाच्या प्रश्नावर अडल्या, त्यामुळे इथे बरेच जण त्या आरक्षणावरच राग काढतात. मला हे मुळीच पटत नाही. आरक्षण हवंच. त्यासाठी लागणारी ओबीसींची आकडेवारी वेळेत गोळा करायची जबाबदारी सरकारची होती आणि शिक्षा मात्र ज्यांचा प्रतिनिधी जाणार होता त्यांनाच झाली. बायकांचंही तेच. १६२ पैकी निम्म्या जागा आपल्या होत्या. मंगलताईंसारखी बाई संध्याकाळी भांडी उरकून नगरसेविकेच्या ओट्यावर जाऊ शकायची. आयुक्तांच्या दालनात ती कशी जाणार?

६ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलंय. त्यामुळे आता मी आणि आणखी चौघी रविवारी नांदेडात मतदार यादी घेऊन घरोघरी फिरतो. भाडेकरूंची नावं नसतातच. मागच्या रविवारी एका चाळीत अकरा अर्ज भरून घेतले, मंगलताईंचा पहिला.

जुलैत येतेस ना? एक रविवार माझ्यासाठी ठेव. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे आणि अर्ज खूप आहेत.

तुझीच,
मेधा